थंडीतला निधी आणि एक जाजम

(प्रभागसंघाच्या नोव्हेंबर महिन्याच्या सभेत सातारा जिल्ह्यातल्या एका ग्रामसंघाच्या अध्यक्ष ताईंनी केलेलं हे भाषण. अनेक गटांनी मागणी केल्यामुळे जसं बोललं गेलं, जवळजवळ तसंच छापत आहोत.)



मला सांगितलंय की थंडीच्या दिवसांत चांगल्या कामासाठी निधी कसा गोळा करायचा, त्यावर बोला. मी काही मोठी वक्ती नाही. आमच्या ग्रामसंघानं तीन हिवाळे हे काम केलं, त्यात काय जमलं आणि कुठं चुकलं, एवढंच सांगते. चुकलेलं जरा जास्त सांगेन, कारण त्यातूनच शिकलो.

आधी हे बघा, निधीसाठी हिवाळाच का? आपल्याला बाकीच्या महिन्यांत जमत नाही का? जमतं, पण ओढूनताणून. पावसाळ्यात हातात पैसा नसतो, सगळा बियाण्यात आणि खतात गेलेला असतो. उन्हाळ्यात लग्नसराई आणि पाण्याची वणवण. दिवाळीनंतर सोयाबीन विकलेलं असतं, भुईमूग-बाजरी घरात आलेली असते, भाजीपाला भरपूर असतो. संध्याकाळ लवकर होते, बायका शेकोटीजवळ बसतात, बोलतात. आणि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत तर बाईला घराबाहेर पडायला कुणाची परवानगीच लागत नाही!

दुसरं कारण असं की याच दिवसांत गरजही मोठी असते. आमच्याकडं कारखान्याचा पट्टा पडला की बीडकडच्या, मराठवाड्यातल्या टोळ्या येतात. पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्या पडतात. पहाटे तीन-चारला नवराबायको कोयता घेऊन फडात जातात. कडाक्याच्या थंडीत बारकी पोरं कोपीत, नाहीतर फडाच्या बांधावर. आपण गोधडीत असतो तेव्हा ती बाई ऊस तोडत असते. तिनं तोडलेल्या उसाच्या पैशावर आपली घरं चालतात, हे आपण विसरतो.

पहिलं वर्ष: पैसा जमला, पण…

तीन वर्षांपूर्वी आम्ही ठरवलं की टोळीतल्या लोकांना पांघरूण द्यायचं. गावात जुन्या साड्या, लुगडी मागितली. आठ-दहा जणी रोज दुपारी बसायच्या आणि गोधड्या शिवायच्या. लहान बाळांसाठी दुपटी शिवली. संक्रांतीला तिळगुळाचे लाडू विकले आणि त्या पैशातून वीस चादरी आणल्या. संक्रांतीनंतर हळदीकुंकू ठेवलं, तिथं निधीची पेटीपण ठेवली.

आमच्या गटात एक काकी आहेत. वय साठीच्या पुढं. मालक जाऊन पंधरा वर्षं झाली. त्या वर्षी सगळ्यात जास्त गोधड्या काकींनी शिवल्या. नऊ. लाडवाचा पाक कधी उतरवायचा हेसुद्धा त्यांनाच कळायचं. पाक जरा पुढं गेला की लाडू दगड होतो, जरा मागं राहिला की बसतच नाही. सगळे लाडू त्यांच्या देखरेखीखाली झाले.

हळदीकुंकवाच्या दिवशी काकी मागच्या चुलीपाशी चहा करत होत्या. मी करंडा घेऊन ओळीनं सगळ्यांना कुंकू लावत गेले. काकी चहाचा ट्रे घेऊन पुढं आल्या आणि मी त्यांना ओलांडून पुढच्या बाईकडं गेले. मुद्दाम नाही हो, सवयीनं. पण सवय म्हणजेच तर तेच की! कार्यक्रम संपल्यावर भांडी घासताना त्या मला हळूच म्हणाल्या, "माझी गोधडी चालती तुमास्नी, मी न्हाई चालत व्हय?"

मी अध्यक्ष. दर बैठकीत पंचसूत्री म्हणून दाखवणारी. मला उत्तर देता आलं नाही.

दुसरी चूक दोन दिवसांनी झाली. आम्ही बॅनर घेऊन कोप्यांवर गेलो. चादरी वाटल्या, फोटो काढले. एक बाई फोटोच्या वेळी पदर तोंडावर ओढून मागं सरकली. मी तिला म्हटलं, "अगं, ये की पुढं." तर म्हणाली, "ताई, पांघरायला हाय आमच्याकडं. उजेड न्हाई." पहाटे अंधारात चूल पेटवायची, पोरांना झोपेतच सोडून जायचं, विंचूकाट्याची भीती. आंघोळीला आडोसा नाही म्हणून अंधारातच उरकायचं. हे तिनं सांगितलं तेव्हा आम्हाला कळलं. आम्ही त्या आधी एकदाही विचारायला गेलो नव्हतो.

म्हणजे बघा, पैसा जमला, काम झालं, फोटो आला. पण जिनं मेहनत केली तिला आम्ही ओलांडलं आणि जिच्यासाठी केलं तिला विचारलं नाही.

सावित्रीबाईंचं जाजम

त्यानंतरच्या ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला आमच्या शाळेतल्या बाईंनी एक गोष्ट सांगितली. सावित्रीबाईंचं जन्मगाव नायगाव, आपल्याच सातारा जिल्ह्यातलं, खंडाळा तालुक्यातलं. त्यांनी शाळा काढली हे आपल्याला माहीत आहे. पण त्यांनी महिला सेवा मंडळ काढलं होतं आणि १४ जानेवारी १८५२ ला, संक्रांतीच्या निमित्तानं, पुण्यात बायकांचा तिळगूळ समारंभ ठेवला होता, हे मला माहीत नव्हतं. त्या समारंभाची अट अशी की कुठल्याही जातीची बाई येऊ दे, सगळ्यांना एकाच जाजमावर बसवणार. पावणेदोनशे वर्षांपूर्वी! त्याच सावित्रीबाईंनी आणि जोतीरावांनी पुढं १८६३ मध्ये विधवा बायकांसाठी, त्यांच्या बाळांसाठी घर उघडलं.

मी घरी येऊन विचार केला. समारंभ तोच, तिळगूळ तोच. आपणच त्याचं काहीतरी भलतं करून ठेवलंय.

आणि हे नुसतं जुन्या काळाचं नाही. कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. त्यानंतर शासनानंही बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. गावानं ठराव केला, तर गटाला काय अडचण?

दुसऱ्या वर्षी आम्ही कार्यक्रमाचं नाव बदललं. हळदीकुंकू नाही, तिळगूळ समारंभ. दारात प्रत्येकीला तिळगूळ आणि फूल. कुंकू ज्यांना हवं त्यांनी घ्यावं, ताट ठेवलेलं. खुर्च्या नाहीत, सगळ्या एका जाजमावर. पहिलं वाण काकींच्या हातून. आणि टोळीतल्या सात बायका पाहुण्या म्हणून आल्या, त्यांनाही तेच वाण.

सगळं गोड झालं असं सांगणार नाही. एक आजी उठून निघून गेल्या. अकरा जणी आल्याच नाहीत. त्या दिवशी पेटीत आधीच्या वर्षापेक्षा कमी पैसे पडले. माझ्या सासूबाई चार दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. पण तिसऱ्या वर्षी त्या अकरांपैकी सात जणी आल्या. सासूबाईंनी काकींच्या शेजारी बसून तीळ निवडले. त्यावर कुणी काही बोललं नाही, आणि मलाही काही बोलायची गरज वाटली नाही.

कोणते उपक्रम चालले

आता कामाचं बोलते. वहीत लिहून घ्या.

एक, तिळगूळ. तीळ १० किलो, गूळ १० किलो, शेंगदाणे ५ किलो. आम्हाला तीळ २,००० रुपये, गूळ ६००, दाणे ६५०, आणि तूप, वेलदोडा, गॅस, पाकिटं मिळून ७५०. एकूण ४,००० रुपये. लाडू झाले २४ किलो. दोन किलो समारंभात वाटले, बाकी २२ किलो ४०० रुपये दरानं विकले. ८,८०० आले. खर्च जाता ४,८०० उरले. तुमच्याकडं भाव वेगळे असतील, पण आधी असा कागद मांडा. गटाच्या नावावर अन्न नोंदणी असेल तर तो क्रमांक आणि केल्याची तारीख पाकिटावर लिहा. ऑर्डर डिसेंबरमध्येच घ्या, नाहीतर माल शिल्लक राहतो.

दोन, भोगीचा वाटा. हे आम्हाला काकींनीच सुचवलं. शहरातल्या बाईला भोगीच्या भाजीसाठी वांगं, गाजर, हरभऱ्याचे घाटे, पावट्याच्या शेंगा, बोरं, उसाचं कांडं असं सगळं शोधत फिरावं लागतं. आपल्या शेतात ते सगळं असतं. एका घराला पुरेल एवढं पिशवीत भरायचं, सोबत पुडीत थोडे तीळ, बाजरीच्या भाकरीला लावायला. ६० वाटे ६० रुपयांनी विकले, ३,६०० आले. भाजी देणाऱ्या बायकांना १,८०० दिले. फुकट कुणाची भाजी घ्यायची नाही, हे लक्षात ठेवा. टेम्पो आणि पिशव्या ४००. उरले १,४००.

तीन, वाण. संक्रांतीला आपण प्लॅस्टिकचे डबे, चाळण्या लुटतो. वर्षभरात ते उकिरड्यावर. लोक वाण घेणारच आहेत, तर आपल्याकडून घेऊ देत. आम्ही २०० कापडी पिशव्या शिवल्या, २५ रुपयांना एक. ५,००० आले. कापड १,०००, शिवणाऱ्या बायकांची मजुरी २,०००. उरले २,०००. या वर्षी भाजीच्या गावरान बियांच्या पुड्याही करणार आहोत.

चार, हुरडा. ज्यांच्या गावाजवळून मोठा रस्ता जातो त्यांनी हे करावं. ज्वारी दुधात-चिकात असताना आठ-पंधरा दिवसच मिळतात, म्हणून तारीख पीक बघून ठरवा, कॅलेंडर बघून नाही. गोवऱ्यांची आगटी, हुरडा, शेंगाची चटणी, ठेचा, दही, गूळ, बोरं. ४० माणसं आली, २०० रुपये माणशी, ८,००० जमले. ज्यांचं रान त्यांना २,५००, बाकी सामान १,५००. निधीला ४,००० राहिले. एक सूचना: बायकांसाठी स्वच्छ शौचालय जवळ असेल तरच करा. आणि आगटी विझल्याशिवाय कुणीही रान सोडायचं नाही.

पाच, मूठभर धान्य. हे आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पोरांच्या वसतिगृहासाठी घराघरांतून मुष्टिफंड जमायचा. बाईनं स्वयंपाकाआधी एक मूठ धान्य बाजूला काढायचं. आणि पोरं उपाशी राहू नयेत म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं दिलं. आपण हिशोब करू. एक मूठ म्हणजे ५० ग्रॅम धरा. महिन्याला दीड किलो. ८० घरं असली तर १२० किलो. कुणाला ओझंही वाटत नाही. हे धान्य आम्ही विकत नाही. गावात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना आणि अडचणीतल्या घराला देतो. रात्री, गाजावाजा न करता.

एक गोष्ट मात्र करू नका. तिकीट विकून बक्षिसाची सोडत काढू नका. लकी ड्रॉ सोपा वाटतो, पण परवानगीशिवाय तो कायद्यात बसत नाही.

हिशोब चव्हाट्यावर

निधी मागायला गेलं की पहिला टोमणा तयार असतो, "आता बायकांनीपण पावती पुस्तक काढलं व्हय?" गावातली माणसं वर्गण्या देऊन कंटाळलेली असतात, त्यांचं चुकत नाही. त्यावर उत्तर एकच, हिशोब.

गाडगेबाबांची पुण्यतिथी २० डिसेंबरला असते. बाबांनी लोकांच्या देणग्यांतून पंढरपूर, नाशिक, आळंदीला केवढ्या धर्मशाळा उभ्या केल्या! पण स्वतःसाठी काही ठेवलं नाही, कारभार विश्वस्तांच्या हाती दिला. आपण एवढं तर करू शकतो:

बचतीचा पैसा आणि निधीचा पैसा एकत्र करायचा नाही. निधीची वही वेगळी.

प्रत्येक रुपयाला पावती. ग्रामसंघाच्या लिपिकाताई पावती फाडतील, पैसे दुसरी मोजेल, बँकेत तिसरी भरेल. एकाच बाईवर सगळं टाकू नका. तिच्यावर विश्वास नाही म्हणून नाही, उद्या तिच्यावर बोट उठू नये म्हणून.

मोबाईलवर पैसे घेणार असाल तर क्यूआर कोड ग्रामसंघाच्या खात्याचा हवा. सचिवाच्या मालकांच्या फोनचा चालणार नाही. तुम्ही हसताय, म्हणजे कुठंतरी होतंय!

दारोदार फिरून किंवा बाजारात वर्गणी गोळा करायची असेल, तर नोंदणी नसलेल्या मंडळांना धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते, जशी गणपती मंडळं काढतात. नंतर हिशोबही द्यावा लागतो. आधी प्रभागसंघाच्या ताईंना विचारून घ्या. आणि आपल्या साध्या पावतीवर आयकरात सवलत मिळते असं कुणाला चुकूनही सांगू नका. ती पावती वेगळी नोंदणी असलेल्या संस्थेलाच देता येते.

आणि शेवटी २६ जानेवारीची ग्रामसभा. तिथं उभं राहून जमा-खर्च वाचा. आमचा दुसऱ्या वर्षीचा असा होता. तिळगूळ ४,८००, भोगी १,४००, वाण २,०००, हुरडा ४,०००, समारंभातली पेटी १,८००. एकूण १४,००० रुपये. बारा कोप्यांना सौर दिवे, ६०० रुपयांना एक, ७,२०० रुपये. आंघोळीच्या दोन आडोशांना ताडपत्री आणि बांबू, २,८००. उरलेले ४,००० खात्यात. रात्रीअपरात्री बाळंतीण दवाखान्यात न्यायची झाली तर गाडीभाड्यासाठी. गावातली असो की टोळीतली.

ते वाचल्यावर मागं बसलेल्या एका काकांनी विचारलं, "पुढच्या वर्षी हुरड्याला आमचं रान घेता का?" मला वाटतं, त्याहून मोठं बक्षीस नाही.

जाता जाता

तायांनो, उपक्रम कुठलाही घ्या. पण सुरू करायच्या आधी बैठकीत दोन प्रश्न विचारा आणि उत्तरं इतिवृत्तात लिहा. पहिला, ज्यांच्यासाठी करतोय त्यांना काय हवंय हे विचारायला कोण गेलं होतं? दुसरा, आपल्यातली कोण चुलीपाशी राहिली आणि जाजमावर आली नाही?

कार्यक्रम छोटा झाला तरी चालेल. पेटीत शंभर रुपये कमी पडले तरी चालेल. पण जी देते, जी राबते आणि जी घेते, तिघी एका जाजमावर बसल्या पाहिजेत. कोण कधी कुठल्या जागी जाईल, हे आपल्यापैकी कुणालाच माहीत नाही. काकीसुद्धा एके काळी करंडा घेऊन सगळ्यांना कुंकू लावतच होत्या की.

या वर्षी आमचा समारंभ संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी आहे. टोळीतल्या बायकांनी सांगितलंय, या वेळी तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी त्या थापणार. आम्ही म्हटलं, पीठ आमचं. तुम्हा सगळ्यांना आमंत्रण आहे. येताना प्रत्येकीनं आपल्या गल्लीतली, जिला कुणी बोलवत नाही अशी एक बाई हाताला धरून आणायची. हेच आमचं वाण समजा.

आत्ता तिळगूळ नाही माझ्याकडं, पण बोलणं गोड मानून घ्या.

जय जिजाऊ, जय सावित्री.